वालाच्या नावानं चांगभलं!

नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीनं गेल्या पावसाळ्यात मागच्या मोकळ्या पट्ट्यात सामाईक बाग केली. अठरा बिऱ्हाडं, पण वाटण्या नाहीत, सगळं सगळ्यांचं. या वाक्याचा अर्थ अठरा घरांत अठरा प्रकारे लागला. पाणी घालायच्या वेळी बाग सोसायटीची असते, खत आणायच्या वेळी कमिटीची, आणि जास्वंद फुलली की जो पहाटे पाचला उठेल त्याची.

फुलं तोडण्याला आपल्याकडे चोरी म्हणायची पद्धत नाही. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आकडी आणि तोंडी ‘देवासाठी हो, चारच!’ देवालाच सहआरोपी केल्यावर तक्रार करणार कोण? सेक्रेटरींनी पाटी लावली : ‘फुले तोडू नयेत.’ दुसऱ्या दिवशी फुलं जागच्या जागी, दूर्वा गायब. दूर्वा म्हणजे काही फूल नव्हे. पाटीवर दूर्वा चढवल्या, तर तुळशीच्या मंजिऱ्या गेल्या. पाटी आता एवढी लांबली आहे की तिच्या सावलीत कढीपत्ता वाढत नाही. वाढला असता तरी राहिला नसता.

खरा भडका उडाला तो वालावरून. पनवेलची २०१६ साली महापालिका झाली, टॉवर आले, मॉल आले. पण थंडी पडली की इथल्या माणसाला मडकं, भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगा आठवतातच. म्हणून खास या मडक्यात भाजायच्या पोपटीसाठी कुंपणाच्या कडेनं वाल पेरला होता. शेंगा भरल्या आणि एका रात्रीत वेल ओकेबोके. पहिला संशय अर्थातच वॉचमनवर. बागेला नेमानं पाणी घालणारा तो एकटाच. म्हणजे रोज बागेत जाणाराही तोच! तो म्हणाला, “साहेब, मी गॅसवर खिचडी टाकतो. पोपटीला मडकं कुठनं आणू?”

त्याच शनिवारी शेजारच्या बिल्डिंगमागून भांबुर्डीचा वास आला. पाच जणांचं शिष्टमंडळ जाब विचारायला तातडीनं रवाना झालं आणि तासाभरानं बोटं चाटत परतलं. अहवाल असा : “शेंगा त्यांनी बाजारातून आणल्यात. ओवा जरा कमी पडलाय.” गैरसमज दूर झाला. पोपटीही संपली.

मग सीसीटीव्ही उघडला. पहाटे पाच दहा ते पाच पन्नास, एकूण सहा माकडटोप्या. एक टोपी शेंगा खुडतेय, तेवढ्यात दुसरी येते. पहिली पिशवी पाठीमागे घेते, दोघी एकमेकींना नमस्कार करतात आणि थंडीवर दोन शब्द बोलतात. सर्वसाधारण सभेत हे चित्रण दाखवलं, तेव्हा प्रत्येकानं बाकीचे पाच बरोबर ओळखले. सहावा कोण, हे सभेला अजून कळलेलं नाही. (माझी माकडटोपी सध्या धुवायला टाकली आहे.)

शेवटी पहिल्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. शेंग वेलावर आहे तोवर ती जमिनीला धरून असते, तिची चोरी होत नाही. खुडली की होते. म्हणजे बघणाऱ्याला भीती नाही. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ फार दयाळू आहे. माल पाच हजारांच्या आतला, गुन्हा पहिलाच आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर तुरुंग नाही. शिक्षा सामुदायिक सेवेची.

सभेनं सुटकेचा निःश्वास टाकला. कुणीतरी विचारलं, “सेवा म्हणजे नेमकं काय करायचं?”

“आपल्यापुरतं बोलायचं, तर बागेतलं तण काढायचं. रोज सकाळी पाणी घालायचं.”

बराच वेळ कुणी बोलेना. मग मागच्या खुर्च्यांतून एक खोल गेलेला आवाज आला, “वकीलसाहेब, त्यापेक्षा तुरुंगाचं काही जमतं का बघा ना!”