मालकावर संशय

घरातला लिनक्सचा संगणक घराबाहेरून वापरता यावा, ही इच्छा ऐकायला अगदी साधी. संगणक आपला, वीजबिल आपलं, त्यातल्या फायलीही आपल्याच. तो पुण्यात टेबलाखाली घरघरतोय आणि आपण नागपुरात कोणाच्या तरी लग्नाला गेलोय, एवढाच काय तो प्रश्न. अंतर मिटवायलाच तर इंटरनेट आहे! माझं म्हणणं असं की, या सगळ्या प्रकरणात अंतर ही सर्वांत किरकोळ अडचण आहे. खरी अडचण मालक. दुरून येणारा मालक आणि दुरून येणारा चोर दोघेही संगणकाला सारखेच दिसतात, त्यामुळे चोरासाठी केलेला प्रत्येक बंदोबस्त आधी मालकावर चालतो. चोराचं एका दाराशी जमलं नाही तर तो शेजारचं दार बघतो. मालकाला मात्र हेच दार हवं असतं, आणि तेही आत्ताच्या आत्ता.

हा संशय पहिल्यापासून नव्हता. दुसऱ्या यंत्रात शिरायला लोक पूर्वी टेलनेट वापरत, आणि त्यात पासवर्ड तारेवरून जसाच्या तसा, उघडावाघडा जायचा. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी असे पासवर्ड गुपचूप टिपून घेतले. तिथल्या तातू युलोनेन यांनी मग सगळी बातचीत सांकेतिक करणारं एसएसएच लिहिलं. त्यासाठी पोर्ट, म्हणजे यंत्राचं नंबर घातलेलं दार, हवा होता. एफटीपीचा २१, टेलनेटचा २३, मधला २२ रिकामा. त्यांनी तो ईमेलने मागितला आणि दुसऱ्या दिवशी मिळालासुद्धा. सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला निघालेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं, छपाईची चूक नाही. पण इतक्या सहज मिळालेला आकडा जगजाहीर झाला, आणि आता २२ नंबर बाहेर उघडा ठेवला की थोड्याच वेळात अनोळखी यंत्रं कडी वाजवू लागतात. ‘रूट’ आहे का, ‘अ‍ॅडमिन’ आहे का, ‘टेस्ट’ आहे का, अशी चौकशी रात्रंदिवस चालते. लॉग उघडून बघावा, तर आपल्या घरी यायची सर्वांत जास्त ओढ परक्यांनाच असल्याचं दिसतं.

यावरचा उपाय सर्वमान्य आहे: पासवर्ड बंद करा, फक्त किल्ली चालू द्या. किल्लीची जोडी असते. गुप्त अर्धी आपल्या लॅपटॉपवर, उघड अर्धी घरच्या संगणकावर. गणित भक्कम आहे, अंदाजाने ती जुळवणं चोराला जन्मात जमणार नाही. मालकाला तरी कुठे जमतं! हौशी माणसाकडे किल्ल्या फार. एक ऑफिसची, एक जुन्या लॅपटॉपची, एक कशाची ते न आठवणारी. एसएसएच या किल्ल्या एकामागून एक पुढे करतं, आणि पलीकडचा संगणक साधारण सहा प्रयत्नांनंतर हाकलून देतो. बरोबर किल्ली सातवी असेल तर ती खिशातच राहते. फेलटूबॅन नावाचा पहारेकरी बसवलेला असेल तर त्याचा मूळ हिशेब असा: दहा मिनिटांत पाच चुका, की त्या पत्त्याला दहा मिनिटं बंदी. चोराच्या यंत्राकडे हजार पत्ते असतात, ते पुढच्या पत्त्यावरून येतं. मालकाकडे एकच मोबाइल, तो दहा मिनिटं चहा पितो. आणि ज्यांनी नागपुरातूनच फायरवॉल चालू केली, पण एसएसएचला परवानगी देणारी ओळ त्याआधी लिहिली नाही, त्यांना तर चोराची गरजच नाही. त्यांनी स्वतःला स्वहस्ते, कायदेशीर मार्गाने, पूर्ण अधिकार वापरून बाहेर काढलेलं असतं.

इथे जाणकार म्हणतील, की एवढा खटाटोप हवा कशाला, पोर्टचा नंबर बदला. बदलावा, लॉगमधला गोंगाट कमी होतो. पण सगळे नंबर तपासणाऱ्या यंत्राला तोही सापडतो, आणि दोन महिन्यांनी आठवत नाही तो मालकालाच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बाहेरून दार उघडूच नका, वायरगार्डसारखा खाजगी बोगदा काढा. हे मला मान्य आहे. २०२० पासून वायरगार्ड लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, आणि अनोळखी माणसाला ते उत्तरच देत नाही, इतकं सभ्य आहे. फक्त मालकाची किल्ली एका अक्षराने चुकली तर त्यालाही ते उत्तर देत नाही. नकार आला तर माणूस निदान भांडू तरी शकतो, मौनाशी कसं भांडणार? शिवाय बोगद्याचं एक टोक घरी पोचायला हवं. आयपीव्ही४ चे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, म्हणजे जगाच्या लोकसंख्येहून कमी. म्हणून कित्येक इंटरनेट कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक घरं कोंबतात. अशा घराला बाहेरून दिसणारा स्वतःचा आयपीव्ही४ पत्ताच नसतो. आपण राउटरवर कितीही पोर्ट उघडले, तरी ते उघडतात बिऱ्हाडाच्या जिन्यात, रस्त्यावर नाही. मग स्थिर पत्त्याचे वेगळे पैसे भरा, नाहीतर मधे तिसऱ्याचा सर्व्हर घ्या. थोडक्यात, आपल्याच घरात जाण्यासाठी भाडं आलं.

कोणी असंही म्हणेल, की मालकाला इतकं छळूनही खरा चोर शिरतोच, मग उपयोग काय? उदाहरण म्हणून एक्सझेड या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं २०२४ चं प्रकरण पुढे येईल. जिया तान या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून त्या प्रकल्पात विश्वास कमावला आणि मग एसएसएचपर्यंत पोचणारं चोरदार त्यात बसवलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून ते उघडकीला आलं. पण हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्या चोरदारालाही कुलूप होतं, ते फक्त बसवणाऱ्याच्या किल्लीने उघडणार होतं. चोराचासुद्धा इतर चोरांवर विश्वास नाही, मग संगणकाने आपल्यावर का ठेवावा?

आता सर्वांत अन्यायाची बाब. एवढं सगळं दुरून येणाऱ्यासाठी. सुट्टीत घरी आलेला बारा वर्षांचा भाचा थेट त्या संगणकासमोर बसला, बटण दाबलं, रिकव्हरी मोड निवडला, की उबंटूसारख्या प्रणालीत कोणतीही किल्ली न दाखवता तो सर्वाधिकारी होऊ शकतो. तसं होऊ नये म्हणून डिस्क सांकेतिक करावी, तर वीज जाऊन आली की संगणक सुरू होतानाच परवलीचा शब्द विचारत थांबतो. तोही पडद्यावर, पुण्यात, जिथे आपण नाही. त्यावरही तोडगा आहे, सुरू होण्याआधीच छोटं एसएसएच उभं करायचं. म्हणजे आणखी एक दार, आणखी एक किल्ली, आणि बाहेर राहण्याची आणखी एक संधी.

या सगळ्याचा निष्कर्ष संगणक विकावा असा नाही. संशय योग्य आहे, कारण आपल्या फायली पुसण्याची जितकी ताकद आणि संधी आपल्याकडे असते, तितकी जगातल्या कुठल्याच चोराकडे नसते. फक्त बंदोबस्त करताना आपण मालकाच्या नाही, संशयिताच्या भूमिकेत आहोत हे ओळखावं. निघण्यापूर्वी वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावरून आत जाऊन बघावं. फायरवॉल बदलताना जुनं लॉगिन बंद करू नये, दुसऱ्या खिडकीत नवं जमतंय का ते पाहावं. वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरू होईल अशी सेटिंग बायॉसमध्ये करावी. किल्लीची एक प्रत दुसरीकडे जपावी. आणि एवढं करून नागपुरातून आत जाता आलं नाही, तर दोनच शक्यता उरतात: काहीतरी बिघडलंय, किंवा सगळं उत्तम चाललंय. कोणती खरी, ते पुण्याला परतल्यावरच कळतं.