फक्कीकाका

नव्या बंगल्याची वास्तुशांत होऊन पंधरा दिवसही लोटलेले नसतात, रंगाऱ्यांच्या शिड्या आणि उरलेल्या फरश्यांचे खोके जिन्याखालून हललेले नसतात, आणि तरीही घरमालक डोक्याला रुमाल गुंडाळून, काखेत सुतळीचा गुंडा व हातात पांढऱ्या भुकटीचे डबडे घेऊन आवारातून उलट्या पावलांनी चालत असतो, हे दृश्य पुण्याच्या पश्चिमेस पौड-मुळशीच्या बाजूला उठलेल्या कोणत्याही बंगल्यांच्या सोसायटीत पाहावयास मिळते. या गृहस्थांचा परिचय वाचकांना नव्याने करून देण्याचे कारण नाही. प्रत्येक सोसायटीत ते निदान एक असतातच, आणि जेथे नसतील तेथील बांधकाम अद्याप पूर्ण व्हावयाचे आहे असे खुशाल समजावे. प्रस्तुत विवेचनास निमित्त झालेले गृहस्थ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असून, सोसायटीतील मुले त्यांना फक्कीकाका म्हणतात. मोठी माणसेही तेच म्हणतात, फक्त त्यांच्या माघारी.

फक्की म्हणजे चुन्याची अथवा चुनखडीची भुकटी. पाया खणण्यापूर्वी भिंती कोठे येणार हे दाखवण्यासाठी गवंडी ती मुठीतून जमिनीवर सोडत जातो आणि कुदळ लागली की तिचे काम संपते. सर्वसामान्य माणसाच्या घरबांधणीत ती एकदाच पडते. काकांच्या आवारात ती रोज पडते. संध्याकाळी आखलेली वाट सकाळी चहा घेताना त्यांना चार इंच डावीकडे हवीशी वाटते, आणि जुनी रेघ पुसणे हे त्यांच्या तत्त्वात बसत नाही; कारण मोजमाप पुस्तिकेत, जिला खात्याच्या भाषेत एमबी म्हणतात, चुकलेला आकडा खोडरबराने घालवता येत नाही, त्यावर आडवी रेघ मारून सही करावी लागते. त्यामुळे जुन्या वाटेवर ठरावीक अंतराने आडव्या फुल्या पडतात, शेजारून नवी वाट निघते, आणि प्रत्येक वेळी सारे ‘सुधारित आराखडा’ या नावाखाली जमा होते. कुरिअरवाला मुलगा ही रांगोळी समजून कंपाउंडला घासत आत येतो; शेजारची मुले सर्वांत बाहेरच्या वळणाला चौकाराची सीमा मानतात. एकदा रात्री फक्की संपली, सुचलेले वळण सकाळपर्यंत राहील याचा भरवसा नव्हता, म्हणून काकांनी स्वयंपाकघरातून तांदळाचे पीठ नेले. पहाटेपर्यंत मुंग्यांनी ती वाट उचलून आपल्या वारुळात नेली होती. ‘अहो, निदान त्यांना तरी तुमचा आराखडा पसंत पडला,’ असे काकू म्हणाल्याचे सांगतात.

उद्यानरचनेत वाटांविषयी दोन जुनी मते आहेत. मोगलांच्या चारबागेत, म्हणजे काटकोनात छेदणाऱ्या वाटांनी व पाटांनी चार भाग केलेल्या बागेत, वाट सरळ जाते आणि प्रवेश करणाऱ्याला मुख्य वास्तू समोरच दिसते. जपानी फिरत्या बागेत वाट मुद्दाम वळवलेली असते, जेणेकरून एक दृश्य संपल्याखेरीज दुसरे उघडू नये. ओकायामा येथील कोराकुएन ही 1700 साली पूर्ण झालेली बाग या पद्धतीचा नामांकित नमुना होय, आणि तिच्या धर्तीवर रचलेले पुण्यातील सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान काकांनी टेप घेऊन अनेकदा पालथे घातले आहे. कोराकुएनचे क्षेत्र सुमारे 13 हेक्टर. काकांचा प्लॉट दोन गुंठे, त्यातही घर वजा जाता मोकळी जागा हजारभर चौरस फूट. एवढ्या जागेत फाटकापासून दारापर्यंत तीन ‘दृश्ये’ बसवण्याचा त्यांचा निर्धार असल्यामुळे पाहुणा पहिल्या वळणावर पाण्याची मोटर पाहतो, दुसऱ्यावर गॅसची टाकी, आणि तिसऱ्यावर पुन्हा मोटर.

काकांचे ज्ञान मात्र खरे आहे, आणि शेजाऱ्यांना त्याचाच अधिक त्रास होतो. मुख्य वाट चार फुटी असावी, म्हणजे दोन माणसे बरोबरीने चालली तरी खांद्याला खांदा लागत नाही. वाफ्याला दोन्ही बाजूंनी वाट असेल तर त्याची रुंदी चार फूट आणि भिंतीलगत असेल तर दोनच फूट ठेवावी, कारण उकिडवे बसून खुरपणाऱ्याचा हात त्यापलीकडे पोहोचत नाही. चार फुटी वाटेला एका अंगाला इंचभर ढाळ, म्हणजे पाणी वाहून जाण्यापुरता उतार, द्यावा. हे सारे ते फाटकाशी अडवून सांगतात आणि ऐकणाऱ्याचे दूध तोवर नासते. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, म्हणून तिच्यावर थेट बसवलेली शहाबादी फरशी एक-दोन पावसाळ्यांत डुगडुगू लागते. त्याकरिता वीतभर माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून धुम्मस करावा, म्हणजे जड ठोकणीने तो दाबून घ्यावा, आणि मग कच अंथरावी, हा त्यांचा सल्ला ज्यांनी हसण्यावारी नेला त्यांच्या फरश्या आज पाय ठेवताच पिचकारी मारतात.

लागवडीच्या प्रश्नात मात्र शास्त्राने काकांनाच कोंडीत पकडले. हापूसच्या कलमांत पारंपरिक अंतर दहा मीटर ठेवतात, म्हणजे जवळपास 33 फूट; आणि 33 फूट लांब, 33 फूट रुंद जागेलाच गुंठा म्हणतात. एका आंब्याला एक गुंठा, असा सरळ हिशेब निघाल्यावर काकांनी फक्कीने पूर्ण वाढलेल्या झाडाचा घेर काढून पाहिला. त्यात बैठकीची खोली, तुळशीवृंदावन आणि शेजाऱ्यांची मोटारगाडी सामावली. शेजाऱ्यांनी गाडी हलवली, पण बोलणे काही दिवस बंद ठेवले. मग आंबा रद्द होऊन अनंत आला. खड्डा खणताना वरच्या लाल मातीच्या पातळ थराखाली विटांचे तुकडे, घट्ट झालेल्या सिमेंटच्या गोण्या आणि चहाचे प्लास्टिकचे कप निघाले. नव्या घराच्या बागेत बांधकाम उरकणारे लोक बहुधा असाच ठेवा पुरून जातात. राडारोडा उपसला, शेणखत भरले, तरीही अनंताची पाने पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. नर्सरीवाल्याने पान पाहताच निदान केले, की मातीत चुना फार आहे, त्यामुळे झाडाला लोह घेता येत नाही, हिराकस घाला. चुना कोठून आला असावा, असे त्याने निरागसपणे विचारले. काकूंनी उत्तर देण्याचे कटाक्षाने टाळले.

हे सर्व हास्यास्पद आहे यात संशय नाही, परंतु त्याची एक बाजू न्यायासाठी नोंदवणे भाग आहे. कालवा साधारणपणे समोच्च रेषेच्या, म्हणजे सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषेच्या, आधाराने अगदी अल्प उतारावर नेतात. त्यामुळे त्याच्या प्रत्येक वळणाला जमिनीत कारण सापडले पाहिजे. काकांनी उमेदीची वर्षे अशी वळणे शोधत माळावर काढली. त्यांनी चैत्राच्या उन्हात मारलेली फक्की पुढे कोणत्या तरी बैठकीत सरकत असे, कोणाच्या तरी उसाजवळून जात असे, आणि शेवटच्या टोकाला, ज्याला टेल म्हणतात, पाणी का पोहोचत नाही याचा खुलासा लिहिण्याचे काम पुन्हा काकांकडेच येत असे. ज्यांचे कारण नकाशावर दिसत नाही अशा कित्येक वळणांखाली त्यांची सही आहे. ही गोष्ट ते फाटकाशी कोणाला सांगत नाहीत. हजार चौरस फुटांच्या या तुकड्यावर सरकवणारे दुसरे कोणी नाही, तेव्हा येथे तरी प्रत्येक वळण सकारण असावे, या हट्टापायी ते स्वतःच स्वतःची रेघ रोज सरकवत आले, असा अर्थ काढल्यास तो चूक ठरू नये.

निर्णय अखेर धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी लावला, तोही न विचारता. फाटकातून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराकडे त्या रोज सकाळी सर्व आराखडे तुडवत जात, आणि पावसाळा संपेपर्यंत तेथे गवतातून एक चिंचोळी पायवाट पडली. काकांनी प्रथम निषेध केला, मग खुंट्या रोवल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आले की ही वाट सरळही नाही; मधोमध ती हातभर उजवीकडे झुकते. त्यांनी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, जिच्या दोन टोकांतील पाणी सारख्या पातळीवर राहत असल्याने उंची ताडून पाहता येते, आणून सबंध वाट मोजली. जेथे पाणी साचत होते तो खळगा टाळून मावशी गेल्या होत्या, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या उंचीत इंचभराचाही फरक नव्हता. त्या दिवशी त्या वाटेवर पडलेली फक्की पुन्हा हलली नाही. आठवड्याभरात तेथे मुरूम, कच आणि शहाबादी फरशी चढली, आणि ‘मूळ आराखड्यात हेच वळण होते’ असे काका सर्वांना सांगू लागले. त्या बदल्यात काकूंना कपडे वाळत घालण्याच्या दोरीसाठी जागा मिळाली, कारण उरलेली दोन दृश्ये आपोआपच रद्द झाली.

दिवाळीनंतर पलीकडच्या प्लॉटवर नवे बिऱ्हाड आले, तेव्हा काका डबडे घेऊन हजर झाले खरे, पण फक्की टाकण्यापूर्वी मावशींना महिनाभर त्या आवारातून ये-जा करू द्यावी असे त्यांनी नव्या मालकांना सुचवले. मालकांची हरकत नव्हती. मावशींनी मात्र नुसते चालण्याचे वेगळे पैसे पडतील, आणि पावसात चालायचे असेल तर दीडपट, असे तेथल्या तेथे स्पष्ट केले.