आधार कुणाचा, निराधार कोण

सरकार बदललं की तालुक्यात फेररचनेची घाई कशाची, तर संजय गांधी निराधार योजना समितीची. पालकमंत्री नवे, म्हणून अध्यक्ष नवा; मग सत्कार, पेढे, चौकात फ्लेक्स. १९८० सालच्या या योजनेने किती कार्यकर्त्यांना आधार दिला, ते जुन्नर-आंबेगावच्या फ्लेक्सवाल्यांना विचारा! तहसीलदार तेवढे सदस्य सचिव म्हणून जागेवर असतात. आणि म्हातारीही तीच. तिने आहुप्याहून एसटीने घोडेगाव गाठायचं, वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचं दाखवायचं, वर हयातीचा दाखला द्यायचा. (समितीकडे तो कुणी मागत नाही.) अनुदान महिन्याला १,५०० रुपये. क्रेनने घालायचा हार त्याहून महाग पडतो.