हातउसने दोन हजार

घर बदलायच्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही दोघं सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावर तेवीस खोक्यांच्या मधोमध बसलो होतो. पॅकिंगचे पैसे वाचवायला खोकी मीच भरली होती. चहाचं पातेलं कशात आहे ते कळेना, कारण मी सगळ्याच खोक्यांवर ‘इतर’ असं लिहिलं होतं.

सामान हलवणाऱ्यांची गाडी साडेसातपर्यंत आली नाही. फोन केला. “निघालीय साहेब, स्वारगेटला आहे.” साडेआठलाही ती स्वारगेटलाच होती. दहा वाजता फोन उचलेनात. अकराला तो बंद झाला.

आमचा अकरा महिन्यांचा करार आदल्या रात्री बाराला संपला होता, आणि मालक ही गोष्ट जिन्याच्या तळाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. सव्वाअकराला नव्या भाडेकरूंचा टेम्पो आला. अगदी वेळेवर! त्यांचा सोफा वर येत होता, आमचा फ्रिज दारात अडला होता. मधल्या फटीतून नव्या वहिनींनी आम्हाला चहा दिला, आमच्याच (आता त्यांच्या) ओट्यावर केलेला. शेवटी त्यांच्या टेम्पोवाल्याला दया आली. “गाडी मोकळीच कोथरूडला चाललीय. चार हजार द्या.” दिले.

त्या रात्री खोक्यावर बसून मी २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा मोबाइलवर वाचला. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, वकील केलाच पाहिजे असं नाही, आणि व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर जिल्हा आयोगात शुल्क शून्य. ‘शून्य’ वाचल्यावर माझ्यातला ग्राहक जो पेटला तो पेटलाच. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ज्या पुण्यात ग्राहक पंचायत काढली, त्या पुण्यात राहून मी गप्प बसायचं? कागद घेतला आणि लिहिलं : मानसिक त्रास ५०,०००, मालकांसमोर झालेली कुचंबणा २५,०००, सकाळचा चहा हुकला ५,०००.

“मानसिक त्रास मलाही झालाय,” बायको म्हणाली, “पण तो त्यांच्यामुळे नाही.”

नव्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त काका राहतात. ग्राहक चळवळीत त्यांनी पुष्कळ वर्षं काम केलंय. त्यांनी माझा कागद वाचला आणि पेन्सिल घेतली.

“किती ठरले होते?”

“साडेआठ हजार.”

“आगाऊ दिलेत किती?”

“दोन.”

“आणि टेम्पोला चार. म्हणजे सहा हजारांत सामान पोचलं. तुमचे अडीच हजार वाचले की! नुकसान कशाचं मागताय?”

हा हिशोब मला सुचला नव्हता. काकांच्या मते आगाऊ रक्कम मात्र परत मिळायलाच हवी. “पावती दाखवा.”

इथे मला घाम फुटला. “बिल हवं तर अठरा टक्के जादा,” असं फोनवरचा माणूस म्हणाला होता. मी लगेच चतुरपणे बिल नको म्हटलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पैसे पाठवताना शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं, हा प्रश्न आला. सरकारला उगाच संशय नको, म्हणून मी लिहिलं, ‘हातउसने’.

काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत वाचलं.

“सावकारीचा परवाना आहे का तुमच्याकडे?”

नशीब एवढंच, की तारीख, वेळ, दर आणि ‘दोन हजार मिळाले, उद्या सातला गाडी येईल’ हा निरोप व्हॉट्सअॅपवर शाबूत होता. काकांनी तेवढाच पुरावा धरला, माझी ऐंशी हजारांची यादी घडी करून माझ्याच खिशात घातली आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला लावली. मागणी फक्त दोन हजारांची. एवढ्या क्षुल्लक रकमेसाठी भांडताना मला लाज वाटत होती. गेल्याच महिन्यात वीस रुपयांच्या पार्किंगवरून मी भर लक्ष्मी रोडवर गर्दी जमवली होती, ते आठवलं आणि लाज गेली.

बायको खोकी उघडत राहिली. पातेलं सतराव्या खोक्यात सापडलं, माझ्या बुटांखाली.

काही आठवड्यांनी दुपारी फोन वाजला. खात्यात दोन हजार जमा झाले होते. माफी नाही, खुलासा नाही, नुसता शेरा : ‘हातउसने परत. अडचणीला धावून आलात, आभारी आहे.’