बंदुकीची कागदोपत्री परीक्षा

मराठवाड्यातील मनुष्य जमिनीविषयी, जावयाविषयी आणि पावसाविषयी बोलताना थोडाफार तरी पुरावा पदरी बाळगतो. परंतु तोच मनुष्य शिकारीविषयी बोलू लागला की त्याला साक्षीदार, पंचनामा, इतकेच काय पण मेलेले जनावरदेखील अनावश्यक वाटू लागते, आणि ऐकणाऱ्यानेही तसा आग्रह धरू नये, असा आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. हा रिवाज मोडण्याचे पातक एका अमेरिकन पक्ष्याच्या माथी यावे, ही त्या बिचाऱ्याची ग्रहदशा.

तो पक्षी म्हणजे टर्की. हिंदुस्थानाशी त्याची ओळख तशी जुनी आहे. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेले जे नवलाचे पशुपक्षी जहांगीर बादशहाला नजर केले, त्यांत एक टर्की होता. त्याच्या डोक्यामानेचा रंग घटकेत पोवळ्याचा, घटकेत कापसाचा आणि घटकेत पिरोजाचा कसा होतो, याचे वर्णन बादशहाने आत्मवृत्तात केले आहे, आणि उस्ताद मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. याच बादशहाने वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतच्या शिकारीचा जमाखर्चही लिहून ठेविला आहे : समक्ष मिळालेली शिकार २८,५३२, पैकी स्वहस्ते मारलेली १७,१६७. आकडे एकेरीपर्यंत चोख आहेत. मात्र त्यांत वाया गेलेल्या बारांचा रकाना नाही. आमच्याकडील शिकाऱ्यांनी मोगलाईकडून आणखी काय घेतले हे सांगता येत नाही, पण हिशेबाची ही पद्धत मात्र जशीच्या तशी उचलली.

माझा आतेभाऊ मूळचा केजचा. नोकरीनिमित्त तो अमेरिकेतील मिसुरी राज्यात स्थायिक झाला आणि माळकरी आईबापांना न कळविता टर्कीच्या शिकारीचा परवाना काढून बसला. गेल्या दिवाळीत तो आला तेव्हा बरोबर आणलेली कागदाची एक गुंडाळी त्याने पदवीपत्र उलगडावे तशा अदबीने आमच्यापुढे उलगडली. तीवर टर्कीचे डोके आणि मान छापलेली असून भोवती भोकांची गर्दी होती, आणि मोजणीत एकही सुटू नये म्हणून प्रत्येक भोकाला पेन्सिलीने बारीक कडे केलेले होते.

त्याच्या निरूपणाचा सारांश असा. टर्कीच्या अंगावरील पिसारा इतका दाट की तेथे छर्रे लागले तर पक्षी नुसता घायाळ होऊन निसटतो. म्हणून नेम डोक्यावर आणि मानेवरच धरावयाचा. वसंतात शिकारी झाडाच्या बुंध्याशी बसतो, पाटीच्या तुकड्यावर काडी घासून मादीचा आवाज काढतो आणि नर भाळून जवळ येईपर्यंत डासांचा पाहुणचार करतो. ती घटका येण्यापूर्वी आपली बंदूक छर्रे नेमके कोठे नेऊन टाकते हे कळावे, म्हणून ४० वारांवर कागद लावून बार काढावयाचा. छर्रे जेथे अधिक दाट पडले तो मध्य मानून ३० इंच व्यासाचे वर्तुळ आखावयाचे, आणि आतील भोकांचे काडतुसातील एकूण छऱ्यांशी शेकडा प्रमाण काढावयाचे. नळीच्या तोंडाशी किंचित निमुळतेपणा ठेवलेला असतो, त्याला चोक म्हणतात. पुऱ्या चोकच्या नळीने शेकडा ७० छर्रे वर्तुळात टाकावेत आणि बिनचोकच्या नळीने शेकडा ४०, असा संकेत आहे. टर्कीवाल्यांचे एवढ्यावरही समाधान होत नाही. ते १० इंचांचे वर्तुळ घेऊन पुन्हा मोजू लागतात.

हे सर्व माझे मामा डोळे मिटून ऐकत होते. पाटोदा तालुक्यातील त्यांच्या वाड्यात आजोबांच्या वेळची बाराबोरची दुनळी आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम पीकसंरक्षणासाठी शेतकऱ्यापुढे प्रथम ठासणीचीच बंदूक करतो; ती पुरी पडत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसऱ्या बंदुकीचा विचार होतो. तेव्हा आजोबांच्या पश्चात परवाना आपल्या नावे करताना, आपल्या शिवारातील रानडुकरे ठासणीच्या बंदुकीला भीक घालीत नाहीत हे सिद्ध करण्यासाठी मामांनी जो अर्ज गुदरला, त्याला सातबाराचा उतारा, तलाठ्याचा दाखला, चतुःसीमा, पंचांच्या जबान्या आणि पोलीस पाटलांचा अभिप्राय जोडता जोडता असा गठ्ठा झाला, की तोच बांधावर ठेविला असता तर डुकरांनी वळसा घालून दुसरे शेत धरले असते.

परवाना मिळाला, पण डुकरावर बार काढावयाचा तर वनखात्याची परवानगी वेगळी, आणि निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करून पावती जपावयाची ती वेगळी. राहिला टर्कीचा आमच्याकडील सगोत्र, मोर. तो १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आणि १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतला मानकरी. शिवाय नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ पासून याच तालुक्यात आहे. मामा बंदूक मांडीवर घेऊन बसलेले असताना मोर समोरच्या भुईमुगात ज्या निर्धास्तपणे फिरतात, त्यावरून त्यांना कायद्याचे कलमवार ज्ञान असावे असे वाटते.

या अधिनियमाने मामांवर एक उपकार मात्र केला. त्यापूर्वी, ऐन विशीत, शंभर पावलांवरून एकाच बारात उडते तितर जोडीने पाडल्याच्या त्यांच्या कथा पडताळून पाहण्याची सोय त्याने कायमची बंद केली. आतेभावाच्या कागदाने ती पुन्हा उघडली. मामांनी प्रथम कायदेशीर हरकत घेतली : परवाना पिकाच्या संरक्षणाचा आहे, कागदावर बार कसा काढावा? मग त्यांनीच तोड काढली. शाळेच्या चित्रकलेच्या मास्तरांकडून कागदावर रानडुक्कर काढवून घेतले आणि तो कागद ज्वारीच्या मोकळ्या रानात, मुरमाच्या उंच बांधाला टेकवून उभा केला. म्हणजे पीक, शत्रू आणि संरक्षण ही तिन्ही अंगे पुरी झाली. गुंठ्याची बाजू ३३ फूट हे मुखोद्गत असलेल्या मामांनी १२० फुटांचे अंतर दोरीने स्वतः मोजले, दस्ता खांद्याला लाविला आणि पुढचा चाप ओढला.

उजव्या नळीचे छर्रे कागदाच्या चारही दिशांना धर्मप्रसारास निघाल्याप्रमाणे पांगले होते; आतेभावाने पेन्सिलीने मोजले तर वर्तुळात शेकडा ३५ भरले, आणि डुकराच्या पोटावर एवढी कोरी जागा राहिली होती की तीतून तितराने सहकुटुंब पार व्हावे. डाव्या नळीने छर्रे एकत्र ठेविले, पण सारेच डुकराच्या पाठीवरून हातभर उंच. याचे कारण आतेभावाने शोधून काढले. दस्ता आजोबांच्या बसक्या गालाला बेतलेला. मामांचा गाल भरलेला. गाल भरला की डोळा वर राहतो आणि डोळा वर राहिला की बार वर जातो, कारण या बंदुकीला पुढे माशी असली तरी मागची माशी म्हणजे नेम धरणाऱ्याचा डोळाच.

मामांनी कागद निरखून पाहिला आणि निकाल दिला, “कागदाचं काय खरं धरतो, पोरा! जितं जनावर म्होरं आलं की बंदूक आपसूक सुधरती.”

मामी चहा घेऊन आल्या होत्या. डुकराला आपादमस्तक न्याहाळून त्या म्हणाल्या, “बरं झालं बाई चितरातलं हाय. खरं असतं तर घरी जाऊन समद्या कळपाला सांगितलं असतं, त्या वाड्याला भिऊ नका म्हनून.”

त्या दिवसापासून मामांच्या कथांतील शंभर पावलांची पंचवीस झाली असून तितरांची जोडी फुटून एकच उरला आहे. आणखी एक कागद लाविला तर तोही उडून जाईल अशी भीती वाटते. माझे मत असे की माणसाच्या शब्दावर, आप्तांच्या साक्षीवर आणि बादशहाच्या दप्तरावरदेखील भिस्त न ठेवता बंदुकीची खरी जबानी घेणारा कागद हाच एक निःपक्षपाती पंच आहे. वाचकहो, तुमच्या गावच्या पारावर कोणी शिकारकथा सुरू केली, तर वाद घालू नका, हसू नका. परवान्याची मुदत शिल्लक आहे का एवढे विचारा आणि ४० वारांवर कागद लावतो, बंदूक घेऊन या, असे नम्रपणे सांगा. बहुधा कथा तेथेच संपेल, आणि काडतूसही वाचेल.