नवऱ्याचं देणं, नातवंडांचं देणं

झाशीच्या खंडेराव गेटमधून आत शिरताना मला शौर्याआधी जमाखर्च आठवतो. इथले राजे रघुनाथरावांनी दौलत कर्जात बुडवली, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने कारभारच हाती घेतला. पुढचे राजे गंगाधररावांना तो परत मिळाला, पण फौजेच्या खर्चासाठी मुलूख तोडून देऊन. त्यांच्या पश्चात १८५४ मध्ये राज्य खालसा. राणीला महिना ५,००० रुपये पेन्शन आणि वर फर्मान : नवऱ्याचं कर्ज त्यातूनच फेडा! राज्य आमचं, देणं तुमचं.

त्यामानाने महाराष्ट्र सरकार दिलदार. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात कर्ज नऊ लाख कोटींच्या वर, महसुली तूट ४५,८९१ कोटी. तरी योजनेतल्या लाडक्या बहिणीला दरमहा १,५०० रुपये चालूच. फेडायचंय तिच्या नातवंडांनी. ती अजून पाळण्यातही आलेली नाहीत, त्यामुळे सभागृहात त्यांच्यातर्फे हरकतीचा मुद्दा कोणी मांडला नाही.