मी काहीच केलं नाही

आमच्या सोसायटीतले आप्पा सहकारी बँकेतून निवृत्त झाले, त्याला बारा वर्षं झाली. खुर्ची सुटली, खाक्या सुटला नाही. चेकवर अक्षरी रकमेपुढे 'फक्त' लिहायचं राहिलं म्हणून त्यांनी एकदा सख्ख्या मेव्हण्याचा चेक परत केला होता. दूधवाल्याचं बिल ते आजही दोनदा बेरीज करून, खाली तारीख घालूनच चुकतं करतात. लग्नपत्रिका आली तर आधी लाल पेनाने शुद्धलेखन तपासतात, आहेराचं नंतर बघतात.

असा हा माणूस कॉम्प्युटरसमोर बसला की भोळा सांब होतो. पडद्यावर चौकट उगवायचा अवकाश, यांनी 'नेक्स्ट' दाबलंच. पुन्हा चौकट, पुन्हा 'नेक्स्ट'. चाळीस पानी अटींखाली 'आय ॲग्री' असेल तर तेही. "समोरचा इतक्या नम्रपणे विचारतोय, त्याला नाही कसं म्हणायचं?" हे यांचं म्हणणं. मेव्हणाही नम्रपणेच आला होता, पण ते असो.

मध्यंतरी एका सकाळी फोन आला. "जरा येऊन जा रे. आमचं गूगल कुणीतरी पळवलंय."

गेलो. ब्राउझर उघडला की नेहमीच्या पानाऐवजी एक भलतंच पान येत होतं. वर भिंग, खाली लॉटरी. 'गुडघेदुखीवर व्यायाम' शोधलं, तर व्यायामाच्या आधी पाच तेलं हजर.

"काय केलंत आप्पा?"

"मी काहीच केलं नाही."

घरोघरी कॉम्प्युटर दुरुस्त करत हिंडणाऱ्याला हे वाक्य पाठ असतं. गंमत अशी, की ते खोटं नसतं. आप्पांनी खरोखरच काही केलं नव्हतं. फक्त संमती दिली होती.

मी कंट्रोल पॅनलमधून प्रोग्रॅमची यादी उघडली आणि तारखेप्रमाणे लावली. एकाच रविवारी तीन नावं: पीडीएफचं वर्ड करणारा एक, ब्राउझरला चिकटणारी एक पट्टी आणि तिसरा स्वतःला 'संरक्षक' म्हणवणारा. बँकेचा माणूस साक्षीदाराला खोटं पाडेल. तारखेच्या नोंदीपुढे त्याचं काही चालत नाही. आप्पांनी चष्मा पुसला.

"पहिला मीच आणला. सभेचं इतिवृत्त पीडीएफमध्ये आलं, त्यात माझ्या नावाची वेलांटी चुकली होती. फुकट होतं ते."

"फुकट ते पौष्टिक!" आतून काकू.

"आणि हे दोघं?"

"पहिल्याबरोबर आले असतील."

अगदी बरोबर. फुकटचा पाहुणा एकटा येत नाही, बरोबर दोघांना घेऊन येतो. त्यांच्या नावापुढच्या चौकोनात टिचकी आधीच मारलेली असते. 'कस्टम' निवडलं तर ते दिसतात आणि टिचकी काढता येते. आपण घाईत 'एक्सप्रेस' निवडतो आणि तिघांनाही आत घेतो.

"पण माझं गूगल पळवून यांना मिळतं काय?"

"जकात. तुमचा प्रत्येक शोध आधी यांच्या नाक्यावरून जातो. तिथे जाहिराती दिसतात, तुम्ही दाबता, यांना दलाली मिळते."

आप्पा हळहळले. "जकात सरकारने बंद केली ना?"

तिघांनाही यादीतून काढलं. ब्राउझरमधलं अनोळखी एक्स्टेन्शन काढलं, मुख्य पान आणि शोधयंत्र पूर्ववत केलं. उघडून पाहिलं, तर भिंग आणि लॉटरी जागच्या जागी! डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चित्रावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' पाहिल्या. 'टार्गेट'च्या ओळीत ब्राउझरच्या नावाला शेपूट म्हणून त्याच पानाचा पत्ता जोडलेला.

"सही झाल्यावर रकमेपुढे शून्य वाढवलंय!" आप्पा ओरडले. बारा वर्षांत त्यांना एवढं तेज चढलेलं मी पाहिलं नव्हतं. तिथून पुढे ते तपासणी अधिकारी आणि मी कारकून. टास्क शेड्युलरमध्ये, कॉम्प्युटर सुरू झाला की गुपचूप जागा होणारा एक हस्तक सापडला. तो त्यांनीच हेरला. मग ब्राउझरच्या मेनूत तळाशी 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' असं वाक्य दिसलं.

"कोणती संस्था? पतसंस्थेचा राजीनामा मी कधीच दिलाय!"

कचेरीतल्या कॉम्प्युटरवर हे वाक्य रास्त असतं. घरच्या कॉम्प्युटरवर दिसलं, तर कुणीतरी रजिस्ट्रीत स्वतःची धोरणं घुसवल्याची शंका घ्यावी. ती काढली, अ‍ॅडवक्लीनर नावाचा सफाईचा प्रोग्रॅम फिरवला, तेव्हा कुठे जुनं पान परत आलं. पासवर्डही बदलायला लावले.

चहा घेताना मी सांगितलं, की हा धंदा जुना आहे. २००३ च्या सुमारास कूलवेबसर्च नावाच्या प्रोग्रॅमने असाच उच्छाद मांडला होता. त्या काळात नेदरलँड्समधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला हायजॅकदिस नावाचा छोटा प्रोग्रॅम लोक वापरायचे. तो चांगलं-वाईट ठरवत नसे, संशयाच्या जागांची फक्त यादी काढून द्यायचा.

"म्हणजे ऑडिटर," आप्पा म्हणाले. "पैसे किती घ्यायचा?"

"फुकट होता."

आप्पांनी विजयी मुद्रेने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

निघताना मी एवढंच म्हटलं, "आप्पा, चेक वाचायचात तसं हे वाचत चला." हे बोलायला नको होतं. इतिवृत्तासाठी आता दुसरा प्रोग्रॅम निवडला आहे. त्याच्या अटी आप्पांनी छापून घेतल्या आहेत. तीन आठवडे झाले, लाल पेनाने वाचन चालू आहे. कलम सातमध्ये 'आम्ही व आमचे सहकारी' असं आहे. हे सहकारी कोण, याचा लेखी खुलासा त्यांनी कंपनीकडे मागितला आहे. उत्तर आल्याशिवाय 'नेक्स्ट' नाही.

इतिवृत्तातली वेलांटी अजून चुकलेलीच आहे. ब्राउझर मात्र स्वच्छ आहे.